थांब म्हणणारं अक्षर

सूक्ष्मदर्शकावर वाकण्याआधी निवृत्ती गांगुर्डेंनी मनात चार सणसणीत शिव्या जुळवून ठेवल्या होत्या. एके काळी ‘एक वार, दोन वार’ पुकारून त्यांनी ‘तीन वार’ म्हटलं की कांदा मार्केटातला लिलाव तिथंच थांबायचा. तो आवाज घशाच्या कॅन्सरनं खाल्ला. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीच्या पेशी मात्र या प्रयोगशाळेत अजून जिवंत होत्या, वाढत होत्या. त्या बघायलाच ते आज मुद्दाम आले होते.

पण काचेखाली वैरी काही दिसेना. दवाच्या थेंबांसारखे इवलेसे जीव लखलखत होते. बघता बघता त्यातली एक पेशी कमरेत आवळत गेली आणि तिच्या दोन झाल्या. गांगुर्डे शिव्या विसरले.

“काका, या तुमच्याच पेशी,” संशोधक शर्वरी शेजारून म्हणाली. “वाढ पुरे झाली की ‘थांब’ सांगणारं एक जनुक असतं. डीएनएच्या अब्जावधी अक्षरांच्या मजकुरात या जनुकातलं एक अक्षर बदललं. आता यांना थांब म्हणणारं कुणी उरलं नाही.”

“एकच अक्षर?” ऑपरेशननंतर गळ्यावर राहिलेल्या छिद्रावर बोट दाबून त्यांनी विचारलं. आवाज पत्रा घासल्यासारखा आला.

“एकच. त्याच्या जागी थांब म्हणेल असं औषध शोधतोय आम्ही.”

ते पुन्हा वाकून, छिद्रावर बोट ठेवून त्या पेशींना हळूच म्हणाले, “एक वार... दोन वार...”

शर्वरी पुढच्या शब्दाची वाट बघत होती. गांगुर्डे उठले आणि स्टूल तिच्याकडे सरकवलं.

“तीन वार तुम्ही म्हणायचं, ताई.”