गाडीच्या नाकावरचा डबा

"पट्टे अजून आवळ," पंढरी म्हणाला.

"बाबा, श्वास तरी घेऊ द्या," अपेक्षा हेल्मेटमधून हसली.

बोईसरच्या एमआयडीसीतल्या एका रिकाम्या प्लॉटवर शर्यतीच्या गाडीची आज पहिली चाचणी होती. अपेक्षा पुण्यात मोटरस्पोर्ट इंजिनिअरिंगचं एम.टेक. करत होती. गाडी हाच तिचा प्रोजेक्ट आणि चालवणारही तीच. आईने महिनाभर अबोला धरून पाहिला, पंढरीने हात जोडून पाहिले. पोरगी कसली ऐकते! वीस वर्षं कारखान्यात वेल्डिंग करणाऱ्या बापाच्या हातात शेवटी एवढंच उरलं, ती सांगेल ते जोडून देणं.

गाडीच्या नाकावरचा पत्र्याचा डबा त्याच्याच हातचा. तिच्या ड्रॉइंगवरून त्याने दोन केले होते. एक पुण्याच्या लॅबमध्ये दाबून बघितला, पास झाला. दुसरा गाडीवर बसवला.

गाडी सुटली. प्लॉटच्या टोकाला कंपाउंडची भिंत होती, वळण अगदी तिच्यापाशी. पहिली फेरी नीट झाली.

"काका, तुम्ही तर एकदम निवांत," तिचा वर्गमित्र मेहुल म्हणाला. "माझेच हातपाय कापतायत."

"दोन महिने झोप नव्हती मला. आता नाय भीती. गाडी मजबूत हाय."

"डबा तर झकास झालाय. लॅबमध्ये कसा कागदासारखा चुरगळला!"

पंढरी हसला. "पत्राच तसला पातळ दिला होता तुमी."

"मुद्दाम, काका. धडक बसली की डबा चेपला पाहिजे. धक्का तिथेच जिरतो. नाही चेपला, तर सगळा धक्का चालवणाऱ्याच्या छातीवर. माणूस वाचत नाही."

पंढरीचं हसू गेलं. "हे मला कुणी सांगितलं नाय."

"ड्रॉइंगवर लिहिलंय की, इंग्रजीत."

पंढरी गळ्यातला रुमाल दोन्ही हातांनी हलवत धावत सुटला. तो जिवाच्या आकांताने ओरडत होता, पण इंजिनच्या आवाजात ते कुणाला ऐकू जाणार? अपेक्षाला लांबून वाटलं, बाबांचा विरोध एकदाचा मावळला, रुमाल हलवून शाबासकी देतायत. तिने हात उंचावला आणि वेग वाढवला.

"काका, झालं काय?" मेहुलने त्याला गाठलं.

"थांबव तिला! माझी पोर बसणार म्हणून गाडीवरच्या डब्यात आतून जाड पट्ट्या मारल्यात मी!"