पहिल्या दिवशीचं कुलूप

अण्णारावांनी कुलूप वैजनाथच्या हातात ठेवलं. "घे. तूच लाव."

वैजनाथला वाटलं, अण्णा चेष्टा करताहेत. तिसऱ्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी लोखंडी चॅनल गेट होतं. गेटच्या आत त्याची मुलगी साक्षी उभी होती, नव्या गादीची गुंडाळी अजून काखेतच. अभ्यासिकेकडं निघालेल्या चार-पाच मुली तिच्या मागं थांबून बघायला लागल्या.

"आमच्या हॉस्टेलचा नियमच हाय," अण्णाराव म्हणाले. "पहिल्या दिवशी बापानं सोताच्या हातानं कुलूप लावायचं. मागल्या साली एकानं माझी गचांडी धरली, पोरीला कोंडतो म्हणून. आन आदी त्योच म्हनला व्हता, बाहेर सोडू नगा. सांजच्याला बंद, सकाळी उघडं."

"आन चावी?"

"माझ्या घरी. मागच्या गल्लीत."

वैजनाथ किनवटला मास्तर होता. तिथल्या शाळेत त्याला सगळे 'लातूरकर' म्हणत आणि ते त्याला पदवीसारखं वाटे. लातूरवर कुणी बोट ठेवलेलं त्याला खपत नसे. दुष्काळात लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मास्तर मंडळी खो-खो हसली. हा पठ्ठ्या म्हणाला, "आमच्यासाठी गाडी भरून पाणी येतं. तुमच्यासाठी कधी काही आलंय का?" गंजगोलाईतून रस्ते कसे चहूकडं फुटतात ते त्यानं आदिवासी पोरांना फळ्यावर काढून दाखवलं होतं, आणि परीक्षेला ते येणार नव्हतं. साक्षीला खरं तर नांदेडला शिकायचं होतं. क्लास तिथंही होते, मैत्रिणी तिथंच निघाल्या होत्या, गाडीत बसलं की घर. "नांदेड शहर आहे गं," वैजनाथ म्हणाला होता. "लातूर आपलं आहे. तिथं अण्णा आहेत." बापाच्या प्रेमापुढं पोरीचं काय चालणार!

अण्णा म्हणजे हेच अण्णा. भूकंपात वैजनाथचं गाव झोपेतच गाडलं गेलं. घरातला तो एकटा उरला आणि ट्रकमधून लातूरला आला, तेव्हा या बिल्डिंगच्या जागी अण्णांचं अंगण होतं. गावोगावची पोरं तिथं आणून निजवली होती. कुठं भांडं वाजलं की सगळी उठून फाटकाकडं धावायची. दुसऱ्या दिवशी अण्णांनी ते फाटकच बिजागऱ्यांतून उचकटलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. "आता पळा किती पळायचं त्ये," म्हणाले. त्या रात्री वैजनाथला पहिल्यांदा झोप लागली. लातूर त्याचं झालं ते तेव्हापासून.

त्यानं मात्र पुढं कधी रात्री दाराला कडी घातली नाही. किनवटच्या क्वार्टरचं दार त्यानं बाहेर उघडेल असं फिरवून घेतलं होतं. ते नुसतं ओढून घ्यायचं आणि मग आतून एकदा ढकलून बघायचं, उघडतं ना. साक्षी चालायला लागली तेव्हापासून हे काम तिचं होतं.

"अण्णा," तो हळूच म्हणाला, "रातच्याला हाललं तर?"

"काय हाललं तर?"

"जमीन."

अण्णाराव हसले. "आरं, तुमची घरं दगडमातीची. ह्ये आरसीसी हाय. काय हुतंय?"

तुमची घरं! इतकी वर्षं अण्णांच्या तोंडी तो 'आमचा वैजू' होता.

"तुम्ही फाटक काढून ठेवलं व्हतं, अण्णा."

"तवा तुमाला जगवायचं व्हतं," अण्णाराव म्हणाले. "आता ह्यांना नंबरात आणायचं हाय. तुला पटत नसंल तर ने पोरीला. पर आदी समदं लातूर फिरून ये, आन कुलूप न्हाई असं एक हॉस्टेल दाव मला."

वैजनाथला राग आला, पण कुणाचा ते धड कळेना. उचलावी गादी, धरावा पोरीचा हात आणि नांदेडची बस गाठावी, असं त्याला फार वाटलं. पण किनवटला जाऊन सांगायचं काय? लातूर असं निघालं म्हणून? त्याची जीभ झडली असती, पण तेवढं वाक्य तिच्यावर आलं नसतं.

"लावा ना पप्पा," साक्षी पुटपुटली. "सगळ्या बघायल्यात."

त्यानं लावलं. कुलूप नवं होतं, एका दाबात बसलं. अण्णारावांनी ओढून बघितलं, चावी खिशात टाकली आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. "चल, चहा घे. आता तू आमचा पाव्हणा."

ते पुढं झाले. वैजनाथ मागोमाग चार पायऱ्या उतरला असेल नसेल, तोच वर गेट वाजलं. थांबलं. मग पुन्हा वाजलं, जरा जोरानं.

"पोरगी काय करायली रं?" अण्णारावांनी वळून विचारलं.

"काई न्हाई," वैजनाथ म्हणाला. "दार ढकलून बघायली."