जानव्याची किल्ली

लेकीनं, गंधालीनं, आमच्या मनाविरुद्ध लग्न केलं अन् नागपूरला संसार थाटला. घरातून तिला कोणी फोन करू नये म्हणून मी फोनला कुलूप घातलं अन् किल्ली जानव्याला बांधली.

"कुलूपबंद फोनवरून नागपूरला वीस कॉल? लूट मचा रखी है!" साऱ्या चौबे कॉलोनीला ऐकू जाईल असा मी दारात फोनचं बिल घेऊन आलेल्या वसुलीवाल्यावर ओरडलो. त्यानं बिचाऱ्यानं यादी पुढे केली. "बाबूजी, सब एक ही नंबर के हैं. एक-एक मिनट के."

माझ्या बायकोनं, कुसुमनं, यादी पाहिली. "मैंने किए, भैया," म्हणत तिनं पैसे आणून दिले. किल्ली माझ्या छातीला टोचत होती.

तो गेल्यावर ती हळूच म्हणाली,


"पुढच्या वेळी तिचं 'हॅलो' ऐकून फोन ठेवू नका. बोला पोट्टीशी."