हलकी सिस्टीम

“बघा बुवा, अर्ध्या मिनिटात चालू!” रेवती म्हणाली. कीर्तनकार मुकुंदबुवांचा जुना कॉम्प्युटर एरवी सुरू व्हायलाच दहा मिनिटं घ्यायचा. तिच्या कॉम्प्युटर क्लासमधल्या जुन्या मशीनवर चालते तीच काटछाट केलेली हलकी सिस्टीम तिने त्यात टाकली होती. गेम, बातम्या, हवामान, सगळं काढलेलं. बुवांची आख्यानं मात्र तिने जपून परत भरली होती.

बुवांनी चाचपत बटण दाबलं आणि ते कान देऊन बसले. थोड्या वेळाने म्हणाले, “बोलत का नाही गं हा?”

बुवा जन्मांध. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या आवाजावरच त्यांचं सगळं चालायचं. क्लासमध्ये तो कुणालाच लागत नसे, म्हणून या सिस्टीममधून कधीच उडवलेला. संध्याकाळी दत्तमंदिरात कीर्तन होतं, आणि आख्यान दोनदा ऐकल्याशिवाय बुवा उभे राहत नसत. जुनी सिस्टीम परत टाकेपर्यंत दुसरा दिवस उजाडला असता.

“चुकलं माझं, बुवा.”

“असू दे. तुला वाचता येतं ना? मग तूच वाच.”

ती वाचायला बसली. भजनात दंग झालेल्या गोरोबाकाकांच्या पायाखाली चिखलात लेकरू आलं, तिथे तिचा आवाज अडला. पुढचं अक्षर दिसेना.

“माफ करा हं.”

“माफी कसली? तो मशीनचा मेला आवाज इथून सरळ पुढे जायचा, म्हणून मीही जात होतो,” बुवा म्हणाले. “आज कीर्तनात इथे थांबेन.”