ऐन-सिंदियानचा शिक्का

"ओठ घट्ट मिटायचे आणि एकदम सोडायचे. कागद हलला पाहिजे," लीना म्हणाली.

रस्मिय्याने कागदाची पट्टी तोंडासमोर धरली. अरबीत नसलेला 'प' म्हणायला गेली नि 'ब' बाहेर पडला. कागद ढिम्म हलेना. साबणाच्या वड्या रचत बसलेली सबाह फिसकन हसली.

"दात काय काढतेस गं? तुझा नवरा दोनदा दुबईला जाऊन आला, तरी अजून 'बासबोर्ट'च म्हणतो!"

"पण त्याला कुठे इंग्रजांशी गप्पा मारायच्यात, उम्म सुहैब?" सबाह म्हणाली. थोरल्या मुलाच्या नावावरून सारं गाव रस्मिय्याला उम्म सुहैबच म्हणायचं.

गप्पा मारायच्या होत्या त्या एल. हॅडलीशी. उद्या गुरुवारी ते लंडनहून येणार होते. ऐन-सिंदियानच्या बावीस बायकांनी ऑलिव्हच्या तेलात घोटलेला साबण त्यांना हवा होता. पत्रात त्यांनी स्वच्छ लिहिलं होतं, की वडीवर गावाचा शिक्का नको, फक्त आमच्या कंपनीचं नाव हवं. ते वाचून रस्मिय्याचं डोकं जे तापलं, ते अजून निवलं नव्हतं.

बायकांचा माल विकायला मदत करणाऱ्या अम्मानच्या संस्थेने तिला कळवलं होतं, भांडू नका, गोड बोला, उच्चार सुधारा, रविवारी शिकवायला बाई पाठवतो.

रविवारी दुपारी लीना एक बॅग घेऊन टॅक्सीतून उतरली. "या, या, तुमचीच वाट बघत होतो," म्हणत रस्मिय्याने तिला आत नेलं आणि कोंबडी-कांद्याचे थर भरलेल्या मकमूऱ्याचं भलं मोठं ताट पुढ्यात ठेवलं. आई पॅलेस्टाईनमधल्या नाबलुसची, आपण वाढलो इंग्लंडात, हा मुलूख बघायला चार दिवस हाताशी ठेवून आलो, एवढं लीनाने जेवता जेवता सांगितलं.

"कोण, कुठली, विचार तरी," सबाह तेव्हा कानात कुजबुजली होती.

"तीन दिवस नि वर एक तृतीयांश दिवस झाल्याशिवाय पाहुण्याला कामाचं विचारायचं नाही. माझ्या बापाने कधी विचारलं नाही, मी विचारू? आणि विचारायचंय काय त्यात? मास्तरीणच आहे ती, दिसतंय की!"

मास्तरीण होती मात्र गुणाची. कढईपाशी तासन्‌तास उभी राहायची. वडीचा कोपरा मोडून हुंगायची. किती महिने वाळवता, तेल कुठल्या झाडांचं, सगळं विचारायची. पुस्तक तिने एकही आणलं नव्हतं. पण उच्चार सुधार म्हटलं की हसून सुधारायची.

संस्थेने पाठवलेली यादी रस्मिय्याने तिला वाचून दाखवली. हवेबद्दल बोला. प्रवास कसा झाला विचारा. नवरा, मुलं, वय विचारू नका. पाहुणा नको म्हणाला तर पुन्हा वाढू नका.

"पुन्हा वाढू नका! म्हणजे माणसाला उपाशी उठवायचं? ही काय रीत झाली?" रस्मिय्याने यादी चुलीत घातली. "तू मला तीनदा नको म्हणालीस. मी ऐकलं का?"

"नाही ऐकलंत. दोन किलोंनी तरी वाढले असेन, खाला," लीना म्हणाली.

रस्मिय्याने कागदाची पट्टी बाजूला फेकली. "हे 'प' पुरे झालं. आता असं कर, तू हॅडली हो. मी मीच. तालीम करू."

लीनाने कॉफीचा कप खाली ठेवला. "मी हॅडली होऊ?"

"का, जमणार नाही?"

"जमेल," लीना म्हणाली आणि ताठ बसली.

रस्मिय्या इंग्रजीत प्रवासाचं बोलली. हवेचं बोलली. मग न राहवून मुलं किती ते विचारलंच. एक मुलगी, लीनाने सांगितलं. मग ती गंभीर झाली.

"साबण उत्तम आहे. पण शिक्का नको. आमचं गिऱ्हाईक आमचं नाव बघून घेतं."

रस्मिय्या उठूनच उभी राहिली. इंग्रजी होतं तिचंच, सगळ्या 'प'चे 'ब' झालेलं, पण आता तिला कशाचीच पर्वा नव्हती.

"हा शिक्का माझ्या आईने लाकडात कोरून घेतला. बावीस बायकांचे हात पोळलेत या कढईवर. तुमचं नाव तुमच्या दारावर लावा! आमच्या साबणावर आमचंच गाव. पटत नसेल तर पोटभर जेवा, वाटेसाठी शिदोरी बांधून देते. साबण मात्र मिळणार नाही."

"दुसरं कुणी घेतलंच नाही तर?"

"तर आम्हीच अंगाला लावू. स्वच्छ मरू!"

सबाह वड्या रचायची थांबली. लीनाने कॉफीचा शेवटचा घोट घेतला आणि पुरे म्हणून कप हलवला.

"ठीक आहे. वडीवर शिक्का राहील. आमचं नाव वेष्टणाच्या कागदावर, बारीक अक्षरात."

"वा गं माझे राणी!" रस्मिय्याने टाळी वाजवली. "तो मेला हॅडली तुझ्यासारखा असता तर!"

लीनाने हात पुढे केला. रस्मिय्याने हसत हसत तो दाबला. मग लीनाने बॅगेतून कागद काढले, एक ओळ खोडली, समासात काहीतरी लिहिलं आणि खाली सही केली.

"मार्क दिलेस होय? किती?"

"पैकीच्या पैकी, खाला."

तेवढ्यात दार वाजलं. सबाहने उघडलं. बाहेर एक घामाघूम तरुणी उभी होती, काखेत इंग्रजीची चार पुस्तकं.

"उम्म सुहैब इथेच राहतात ना? मला अम्मानच्या संस्थेने पाठवलंय, इंग्रजी शिकवायला. रविवारीच यायचं होतं हो, पण तापाने पडले. त्या हॅडलीबाई अजून आल्या नाहीत ना?"