चाकांवरची न्हाणी

पुष्पाबाईंनी चपला काढल्या, साडी घोट्याच्या वर धरली आणि त्या फरशीच्या नमुन्यावर उभ्या राहिल्या. दुकानदाराने वरून साबणाचं पाणी ओतलं. पाय सर्रकन सरकला. धुडकूबांनी चटकन बायकोचा दंड धरला. चारचौघांत नवऱ्याने हात धरायची ही बहुधा पहिलीच वेळ. पुष्पाबाई या वयातही लाजल्या. "ही नको," एवढंच म्हणाल्या.

मुलगा गजेंद्र बाजूला मोबाइल बघत उभा होता. डिंडोलीत त्याचं टेम्पोच्या बॉड्या बांधायचं गॅरेज. सध्या तो तिथे गाडीमागे जोडून ओढायचं एक चाकांवरचं घर बांधत होता. आत दोन बाकं, छोटा ओटा आणि मागच्या कोपऱ्यात संडासासकट न्हाणी. तिच्याच फरशीसाठी तिघं उधन्याच्या या दुकानात आले होते.

हे सगळं कशासाठी, ते डिंडोलीत गल्लीभर माहीत होतं. चैत्रात तिथली खानदेशी मंडळी सप्तशृंगीच्या गडावर पायी निघतात. पुरुषांचं काय, कुठलंही झाड चालतं. बायका मात्र अंधार पडायची वाट बघत चालतात आणि नको ती पंचाईत म्हणून पाणीच पीत नाहीत. गेल्या खेपेला पुष्पाबाई भर रस्त्यात चक्कर येऊन पडल्या. त्या घरी आल्या तेव्हा गजेंद्र म्हणाला होता, "माय, आते न्हाणीच संगे लयी जासूत." बाईंचा ऊर भरून आला. असा पोर कोणाच्या पोटी येतो? शेजारच्या मंगलाबाईंना तर त्यांनी हे इतक्यांदा ऐकवलं, की ती बिचारी आता त्यांना बघून दार लोटून घ्यायची.

त्यातून नवल धुडकूबांचं. जन्म यंत्रमागावर गेला, सुट्टी झोपेत गेली. गडाची पायरीसुद्धा त्यांनी पाहिली नव्हती. पण या गाडीत त्यांचा जीव अडकला होता. दाराची पायरी खाली घे, न्हाणीत धरायला दांडा लाव, खिडकी मोठी कर, असं रोज काहीतरी.

"तुम्हीन कधी गड दखेल शे का? आते कशी एवढी भक्ती उनी?" पुष्पाबाईंनी चिडवलं. धुडकूबा पुढचा नमुना उचलून त्यावर अंगठा घासत बसले.

दुकानदाराने टाइल आधीच बाद केली होती. गाडी खड्ड्यात आपटली, की टाइल तडकणारच. राहिल्या दोन. एक विनाइलची शीट, पायाला मऊ, वर निळी फुलं. दुसरी फायबरची, अखंड एका तुकड्याची, करडी, खरखरीत आणि दिसायला अगदी भिकार. पुष्पाबाईंना फुलं आवडली. यात्रा ती केवढी आणि न्हाणार किती? लेकाचा पैसा काय झाडाला लागतो?

दुकानदारानेही मान हलवली. "कभी-कभार का काम है तो यही ले जाओ, मासी. रोज नहाना हो तो किनारी में पानी घुसेगा, उखड़ जाएगी."

गजेंद्रने मोबाइलवरची नजर उचलली नाही. "फायबरवाली दे दो, भाई. रोज का है."

पुष्पाबाई हसल्या. पोराचं लक्षच नाही. "रोज कसाले? वरीसमा एक डाव तं जावानं."

गजेंद्रने मोबाइल खिशात घातला.

"माय, घर इकी टाकं. वेसूले फ्लॅट लेयेल शे. दोनच खोल्या शेतस, पोरेस्ना अभ्यास ऱ्हास. तुम्हना दोन्हीसनाकरता ही गाडी. गॅरेजमा उभी करसूत. लाइट, पाणी, समदं लायी दिसू."

"आनि गड?"

"जासूत ना. कधी तरी."

दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. पुष्पाबाई ओल्या पायांनी तशाच उभ्या राहिल्या. घर विकलं. त्याच घरात दर श्रावणात कानबाई देवी बसायची, रोटांचा प्रसाद खायला सगळे भाऊबंद जमायचे. आता मायबापाला गॅरेजात, गाड्यांच्या रांगेत उभं करणार. आणि त्यासाठी पोराने देवीचं नाव घेतलं होतं. एवढं गोड बोलून फसवलं, याचाच त्यांना जास्त संताप आला. आपण गल्लीभर मिरवत होतो, तेव्हा सून सुषमा मान खाली घालून भांडी का घासायची, ते आता कळलं.

मग त्यांना नवऱ्याची दया आली. ते घर धुडकूबांनी एकेक वीट जोडून बांधलं होतं आणि मोठ्या हौसेने लेकाच्या नावावर करून दिलं होतं. आपल्यासारखाच हा माणूसही भुलला. पायरी काय, दांडा काय, पोरासारखा रमला होता. म्हाताऱ्याचा राग मात्र जहाल. एका शब्दावरून त्याने एकदा शेठच्या तोंडावर काम फेकलं होतं. आता हा पोराला सोडत नाही. पुष्पाबाईंनी त्यांची बाही घट्ट धरली.

"आयकं का, तुमना पोर काय सांगस?"

धुडकूबांनी बाही सोडवून घेतली नाही. पोराकडेही बघितलं नाही. हातातला करडा तुकडा त्यांनी दुकानदाराच्या टेबलावर ठेवला आणि खालच्या आवाजात म्हणाले,

"पुरस वं गाडी आपले दोन्हीस्ले. मी बाकवर झोपीसन दखेल शे."