गाळणी

डोळ्यांच्या हॉस्पिटलच्या वेबसाइटवर कुणाचंही अडलं, की एरर प्रोग्रामरच्या स्क्रीनवर येई. आज चारशे! सगळे एरर लोकांनी ब्राउझरला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्राममुळे, एक्स्टेंशनमुळे. "नसती लचांडं यांनी चिकटवायची, निस्तरायची मात्र मी!" वैतागून त्याने गाळणीच लावली: एक्स्टेंशन दिसलं, की एरर परस्पर बाद. स्क्रीन लख्ख झाला. आठवड्याने आईचा फोन आला. "अरे, तुझ्या वेबसाइटवर डॉक्टरांची वेळच मिळेना. बटण दाबलं, की नुसतं चक्र फिरतं." "एकही एरर नाही इथे! तूच भलतीकडे दाबत असशील," तो खेकसला. संध्याकाळी तणतणतच आईकडे जाऊन त्याने बटण दाबलं. चक्र फिरतच राहिलं. अंधूक दिसतं म्हणून अक्षरं मोठी करणारं एक्स्टेंशन त्यानेच तिला बसवून दिलेलं. अक्षरं वाढताच त्याचाच कोड कोलमडत होता. "आठवडाभर दाबतेय रे," आई म्हणाली, "म्हटलं, तुला तिकडे दिसत असेल."